पेन वळते ती जागा

कोटिंगच्या कामात काही वर्षे काढली की एक गोष्ट मनात पक्की बसते. या धंद्यात थर चढवणे तसे सोपे, तो थांबवणे अवघड. व्हॅक्यूम चेंबरमध्ये इलेक्ट्रॉन गनच्या झोताने टायटॅनियम ऑक्साइड वितळले, की त्याची वाफ वरच्या डोममध्ये बसवलेल्या काचांवर आपसूक जमू लागते. शटर कधी लावायचे एवढेच ठरवायचे असते, आणि सगळी विद्या तिथे लागते. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी पाव तरंगलांबीचा (थराच्या आतली तरंगलांबी धरून) टायटॅनियम ऑक्साइडचा थर भरतो ५८ ते ५९ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जवळजवळ हजारावा भाग. प्रत्येक थरात तीन-तीन नॅनोमीटर इकडेतिकडे झाले तर फिल्टर भलत्याच रंगाला निघतो आणि अख्खी बॅच भंगारात जाते. चेंबर बंद, आतली हवा काढलेली, काचा दोन-अडीचशे अंशांना तापलेल्या आणि डोम फिरतो आहे. अशा ठिकाणी कोणतीही मोजपट्टी आत नेता येत नाही. मग जाडी कळायची कशी? इतक्या वर्षांत मला पटलेले उत्तर असे: जो थर प्रकाशासाठी घडवायचा, तो चढत असताना प्रकाशानेच पाहावा, आणि शक्य असेल तर ज्या तरंगलांबीवर तो पुढे काम करणार त्याच तरंगलांबीवर पाहावा. प्रकाश एकट्या थराची जाडी सांगत नाही. आतापर्यंत चढलेल्या सगळ्या थरांचा एकत्र हिशेब तो सांगतो, आणि म्हणूनच मागच्या थरात झालेली चूक पुढच्या थरात सावरते.

ही पद्धत यंत्रांच्या आधीची आहे. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचा थेंब पसरला की त्यात रंगांची वलये उमटतात. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे दोन तरंग एकमेकांत मिसळतात, काही रंग वाढतात, काही मावळतात, आणि कोणते वाढावेत हे जाडी ठरवते. म्हणजे रंग हीच जाडीची खूण. जर्मनीत त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये भिंगांवरच्या परावर्तनरोधक थराचे पेटंट घेतले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये बेरियम स्टिअरेटचे रेणूभर जाडीचे ४४ थर एकावर एक चढवून काचेची चकाकी जवळजवळ घालवली. रंग पाहून जाडी ओळखण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची एक रंगपट्टीही त्यांनी तयार केली होती. पुढे भिंगांवर मॅग्नेशियम फ्लोराइड चढवणारे कारागीर पांढऱ्या दिव्याच्या उजेडात चेंबरच्या खिडकीतून भिंगाकडे पाहत राहत आणि परतणारा रंग जांभळट झाला की थांबत. जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावर दिसणारी जांभळी झाक ती हीच. हिरव्याचे परावर्तन कमीत कमी झाले की उरलेले तांबडे आणि निळे मिळून जांभळे दिसते. साध्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४.३ टक्के प्रकाश परत पाठवतो. १०० नॅनोमीटरच्या या एका थराने तेच प्रमाण १.३ टक्क्यांच्या आसपास येते. त्या कारागिरांजवळ नॅनोमीटर मोजणारे काही नव्हते, तरी त्यांचे काम बरोबर येई, कारण भिंगाकडून जे हवे होते तेच ते पाहत होते.

डोळ्याच्या जागी आज दिवा, मोनोक्रोमेटर आणि डिटेक्टर असतो. डोमच्या मध्यावर बसवलेल्या टेस्ट ग्लासवर प्रकाशाचा झोत सोडतात. चॉपर त्या झोताला ठरावीक वेगाने तोडतो, म्हणजे इलेक्ट्रॉन गनचा स्वतःचा लखलखाट त्यात मिसळला तरी वेगळा काढता येतो. आरपार आलेला किंवा परतलेला प्रकाश मोनोक्रोमेटरमधून एकाच तरंगलांबीचा होऊन डिटेक्टरवर पडतो आणि कागदावर पेन चालू लागते. आता बहुतेक ठिकाणी कागद जाऊन पडदा आला आहे, पण आम्ही अजून पेनच म्हणतो. काचेवर टायटॅनियम ऑक्साइडचा पहिला थर सुरू झाला की परावर्तन ४.३ टक्क्यांवरून वाढू लागते. आधी सावकाश, मग मधल्या पट्ट्यात भराभर, मग पुन्हा सावकाश. पाव तरंगलांबी भरली की ते ३२ टक्क्यांच्या आसपास पोचते, थबकते आणि खाली वळते. थर तसाच वाढू दिला तर अर्ध्या तरंगलांबीला पेन पुन्हा ४.३ टक्क्यांवर, कोऱ्या काचेच्या जागी येते. जाडी सतत वाढते आहे आणि पेन मात्र लाटेसारखे वरखाली होते आहे. जिथे पेन वळते ती जागा म्हणजे पाव तरंगलांबीचा थर पुरा झाल्याची खूण, आणि थर तिथे थांबवायचा, ही या कामाची पहिली शिकवण.

पण ही पहिली शिकवण ऐकताच विचार करणाऱ्याच्या मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. पेन वळते त्या जागी ते जवळजवळ स्थिर असते. म्हणजे जाडी वाढत असूनही वाचन बदलत नाही, अशा नेमक्या आंधळ्या जागी थांबायला आपण सांगतो. आकडे घेऊन पाहू. याच पहिल्या थरात पाव तरंगलांबीच्या आसपास ५ टक्के, म्हणजे सुमारे ३ नॅनोमीटर चूक झाली तर वाचनात फरक पडतो फक्त ०.१२ टक्क्याचा. तेवढीच चूक उताराच्या मध्यावर झाली असती तर वाचन २ टक्क्यांनी हलले असते. दिव्याच्या तेजात होणारी किरकोळ चढउतार ०.१२ टक्क्याला सहज गिळून टाकते. शिवाय शिखर ओलांडल्याशिवाय ते शिखर होते हे कळतच नाही. पेन खाली वळलेले दिसते तेव्हा थर आधीच थोडा जास्त झालेला असतो, आणि शटर फिरायला लागणारा क्षण त्यात आणखी भर घालतो. म्हणजे वळणावर थांबवलेला जवळजवळ प्रत्येक थर थोडा चुकतोच. एकेक थर सुटा काढून तपासला तर या पद्धतीला कोणीही नापास करील.

तरीही या पद्धतीने केलेले फिल्टर बरोबर येतात, आणि ते का येतात हे समजणे हीच माझ्या दृष्टीने या विद्येची किल्ली आहे. समजा पहिला थर थोडा जास्त झाला. आता त्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा दुसरा थर सुरू झाला. पेन पुन्हा वळेल, पण दुसऱ्या थराची ठरलेली जाडी भरल्यावर नाही. दोन्ही थर मिळून प्रकाशाचा हिशेब त्या तरंगलांबीवर पुरा झाला की ते वळेल. पहिल्याने जे जास्त घेतले तेवढ्यापुरते दुसऱ्याला कमी लागते, आणि वळण लवकर येते. पेनला पहिल्या थराची चूक आठवावी लागत नाही. ती चूक त्याच्या वाचनातच मुरलेली असते. १९७२ मध्ये अँगस मॅक्लाउड यांनी अरुंद पट्ट्याच्या फिल्टरसाठी आणि बूस्के व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी आपल्या प्रयोगांतून हे आपोआप होणारे दुरुस्तीचे काम शास्त्रशुद्धपणे मांडले. कामगारांना ते अनुभवाने ठाऊक असेल, पण त्याचे कारण सापडल्यावर ते भरवशाने वापरता येऊ लागले.

या दुरुस्तीची किंमत किती मोठी असते ते टेलिफोनच्या काचतंतूंसाठी लागणाऱ्या फिल्टरांनी दाखवून दिले. १९९० च्या दशकाच्या शेवटी एकाच तंतूतून अनेक तरंगलांब्यांवर वेगवेगळे संदेश पाठवायची गरज पडली. १५५० नॅनोमीटरच्या आसपास शेजारशेजारच्या दोन वाहिन्यांत अंतर असते १०० गिगाहर्ट्झ, म्हणजे फक्त ०.८ नॅनोमीटर. फिल्टरचा पट्टा ०.१ नॅनोमीटरच्या आत जागेवर हवा असेल तर तो पंधरा हजारांत एक भाग इतका नेमका हवा. सिलिकाचा, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडचा, पाव तरंगलांबीचा एक थर इथे सुमारे २६७ नॅनोमीटर जाडीचा. त्याचा पंधरा हजारावा भाग म्हणजे ०.०२ नॅनोमीटर, एका अणूच्या व्यासाहूनही कितीतरी कमी. असे शंभराहून अधिक थर एकावर एक. प्रत्येक थर सुटा मोजून इतकी अचूकता राखणे कोणत्याही कारखान्याला झेपणारे नव्हते. फिल्टर झाले, कारण फिरत्या काचेवर त्याच तरंगलांबीचा लेसर सोडून प्रत्येक थर त्या वाचनावर थांबवला गेला. थरांच्या जाड्या थोड्याथोड्या चुकल्याच असतील, पण पट्टा जिथे हवा होता तिथे आला. माझ्या म्हणण्याला याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

प्रकाश आणखी एक गोष्ट सांगतो, जी जाडीच्या आकड्यात कधीच येत नाही. अर्ध्या तरंगलांबीला वाचन कोऱ्या काचेच्या जागी परत यायला हवे, असे वर म्हटले. आरपार जाणारा प्रकाश मोजत असताना ते तिथपर्यंत परत आले नाही, थोडे खालीच थांबले, तर थर प्रकाश पीत आहे असे बहुधा समजावे. टायटॅनियम ऑक्साइडच्या बाबतीत हे नेहमीचे दुखणे आहे: चेंबरमध्ये सोडलेल्या ऑक्सिजनचा दाब कमी पडला किंवा वाफेचा वेग जास्त झाला की थराला पुरता ऑक्सिजन मिळत नाही आणि तो काळवंडतो. जाडी अगदी बरोबर असेल, तरी फिल्टर निकामी. शिखरांची उंची ठरल्याप्रमाणे आली नाही तर अपवर्तनांक घसरला आहे. एक शिखर बसके आणि पुढचे टोकदार दिसले तर वेग मधेच बदलला आहे. अनुभवी माणूस रन, म्हणजे कोटिंगची एक फेरी, चालू असताना आकड्यांआधी रेषेचा आकार वाचतो, जसा वैद्य नाडीचे ठोके मोजण्याआधी तिची चाल पाहतो. थर बिघडतो आहे हे तो संपण्याआधी कळणे, यात साहित्य आणि वेळ दोन्ही वाचतात.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो क्वार्ट्झ क्रिस्टलच्या बाजूने. जर्मन शास्त्रज्ञ ग्युंटर झाउअरब्राय यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या चकतीवर वस्तुमान जमले की त्या प्रमाणात तिची कंपनसंख्या घटते. ६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर १ हर्ट्झची घट म्हणजे सिलिकाची जाडी सुमारे ०.०६ नॅनोमीटर. प्रकाशाच्या वळणावर ३ नॅनोमीटर दिसत नाहीत आणि इथे शतांशात वाचन मिळते. मग दिवा आणि चॉपर कशाला, असे विचारले जाते. या आक्षेपातला खरा भाग मी मनापासून मान्य करतो. वाफेचा वेग धरून ठेवण्यात क्रिस्टलला तोड नाही, आणि प्रकाशाने थांबवायच्या रनमध्येही गन क्रिस्टलच्याच हुकमावर चालते. चष्म्याच्या अँटी-ग्लेअर काचांचे चार-सहा थर क्रिस्टलवर रोज उत्तम निघतात, कारण तिथे पट्टा रुंद असतो आणि थोडी चूक खपते. पण क्रिस्टल स्वतःवर जमलेले वस्तुमान मोजतो. काच दुसऱ्या जागी आहे, म्हणून दोघांमधले प्रमाण, आम्ही ज्याला टूलिंग फॅक्टर म्हणतो, ते आधी काढून ठेवावे लागते आणि वाफेचा झोत कललेला असेल तर ते रनगणिक सरकते. थराची घनता आणि अपवर्तनांक त्याला दिसत नाहीत. शटर उघडताच गनच्या उष्णतेने त्याचे वाचन उडी मारते आणि ऑक्साइडचे ताण वाढले की तो मधेच बंद पडतो. मुख्य म्हणजे त्याच्या चुका सुट्या राहतात. पाचव्या थरात झालेली चूक विसाव्या थरापर्यंत तशीच पडून राहते, कारण तिला कोणी पुढच्या हिशेबात घेत नाही. बारीक मोजणे आणि योग्य गोष्ट मोजणे यांत निवड करायची वेळ आली तर कारखान्याने दुसरे निवडावे, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. चूक सावरते ती फक्त मॉनिटरच्या, म्हणजे ज्यावर थर पाहिला त्या, तरंगलांबीवर. तिथून दूर गेलो की चुकलेल्या जाड्या आपला परिणाम दाखवतातच. अरुंद पट्ट्याच्या फिल्टरला त्याची पर्वा नसते, पण निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळीकडे नेमका आकार हवा असलेल्या फिल्टरमध्ये थर पाव तरंगलांबीचे नसतात, वळणे भलत्या ठिकाणी येतात आणि मागची चूक पुढे सावरण्याऐवजी वाढत जाऊ शकते. हे खरे आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही. म्हणून अशा कामात वळणावर न थांबता उतारावर थांबतात: तरंगलांबी अशी निवडायची की थर संपताना पेन वेगाने चालत असेल, आणि आधीच्या शिखर-दरीतल्या अंतराचा ठरलेला हिस्सा पार झाला की शटर लावायचे. दिव्याचे तेज घटले तरी शिखर आणि दरी दोन्ही त्याच प्रमाणात घटतात, म्हणून हिस्सा टिकतो. त्याही पुढे जाऊन आता एकाच वेळी शेकडो तरंगलांब्यांवर वाचन घेतात आणि संगणक त्यांतून जाडी काढतो. मॉस्को विद्यापीठातल्या अलेक्झांडर तिखोन्रावोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की अशा रुंद पट्ट्याच्या निरीक्षणातही काही रचनांमध्ये चुका एकमेकींना सावरतात आणि काहींमध्ये साठत जातात. यातून माझा युक्तिवाद ढासळत नाही, त्याची हद्द ठरते. प्रकाशाने पाहायचे हे कायम. कोणत्या तरंगलांबीवर आणि कुठे थांबायचे, हे प्रत्येक रचनेसाठी आधी बसून ठरवायचे.

तिसरे म्हणणे आजच्या यंत्रांवर विसंबलेले आहे. मॅग्नेट्रॉन किंवा आयन बीमच्या स्पटरिंगमध्ये, म्हणजे आयनांच्या माऱ्याने टार्गेटमधून पदार्थ उडवून थर चढवण्यात, वेग इतका स्थिर असतो की घड्याळ लावून थर थांबवता येतात. ठराविक मालाच्या बाबतीत ते चालते आणि स्वस्तही पडते. पण घड्याळ कालच्या वेगावर विश्वास ठेवते. टार्गेट झिजले, वायूचे प्रमाण किंचित बदलले, देखभालीनंतर शील्ड वेगळी बसली, तर ते घड्याळाला कळण्याचा मार्ग नाही. ते कळते रन संपल्यावर, स्पेक्ट्रोफोटोमीटरसमोर, आणि तोवर थर चढून गेलेले असतात. यंत्र जितके स्थिर तितकी चूक दुर्मीळ, आणि जितकी दुर्मीळ तितकी ती उशिरा लक्षात येते. म्हणून स्थिर यंत्रावर प्रकाशाचे निरीक्षण काढून टाकणे मला पटत नाही. तिथे त्याचे काम थांबवण्याचे कमी आणि साक्षीदाराचे जास्त होते, एवढाच फरक.

मात्र प्रकाशाच्या बाजूने बोलताना त्याची मर्यादाही तितक्याच मोकळेपणी सांगितली पाहिजे. टेस्ट ग्लास म्हणजे माल नव्हे. ती डोमच्या मध्यावर स्थिर असते, माल कडेला फिरत असतो; दोघांवर पडणारी वाफ आणि तापमान सारखे नसते. अनेक थरांनंतर टेस्ट ग्लास बदलली की नव्या काचेला जुन्या चुकांची आठवण राहत नाही, म्हणजे आपोआप होणारी दुरुस्ती तिथे तुटते. आणि सगळ्यात जास्त धडा शिकवते ते चेंबर उघडणे. इलेक्ट्रॉन गनने चढवलेल्या थरांत बारीक रंध्रे असतात. हवा आत आली की तिच्यातला ओलावा रंध्रांत शिरतो, थराचा अपवर्तनांक वाढतो आणि आत बरोबर दिसणारा पट्टा बाहेर काही नॅनोमीटर लांब तरंगलांबीकडे सरकतो. जाणकार माणसे हे सरकणे आधीच धरून मॉनिटर थोडा अलीकडच्या तरंगलांबीवर लावतात, किंवा आयनांचा मारा करून थर घट्ट बसवतात. समोरचा पुरावा खरा असला तरी तो कोणत्या परिस्थितीत दिला गेला, हे विसरू नये.

या कामात सर्वांत जास्त नुकसान मात्र यंत्रापेक्षा माणसाच्या एका स्वाभाविक धडपडीने होते, आणि ती जागोजागी दिसते. एखादा थर जास्त झाला हे कळताच ऑपरेटर घाबरतो आणि पुढचा थर वळण येण्याआधी स्वतःच्या अंदाजाने थोडा लवकर तोडतो, भरपाई म्हणून. पण वळण आधीच लवकर येणार होते. पेनने ती चूक हिशेबात घेतलेलीच होती. आता एका चुकीची भरपाई दोनदा झाली आणि मागची चूक नव्या चुकीच्या रूपाने तिसऱ्या थराकडे गेली. तिथून तो जितका धडपडतो तितके बिघडत जाते. याच्या उलट दुसरी सवय, झालेली चूक लॉगबुकात न लिहिणे. शिफ्ट बदलते, पुढच्या माणसाला वाटते थर बरोबर आहेत, आणि वळण लवकर आले की त्याला यंत्रात बिघाड दिसतो. चांगला चाललेला रन तो बंद करून टाकतो. वळण लवकर येण्याचे कारण एका ओळीत लिहिलेले असते तर त्याने निर्धास्त पुढे चालवले असते. या दोन्ही सवयींवर इलाज एकच: काय झाले ते लिहावे, आणि ज्या वाचनावर थांबायचे ठरले आहे त्यावरच थांबावे.

हे काम करताना अचूकतेविषयीची माझी समजूत बदलली. प्रत्येक पाऊल निर्दोष पडले तरच शेवट निर्दोष होईल, अशी सुरुवातीची कल्पना असते, आणि ती माणसाला एक तर घाबरवते किंवा लपवायला लावते. थरांच्या कामात प्रत्येक पाऊल थोडे चुकते. पेन वळलेले कळण्यासाठी ते वळून पुढे जाऊ द्यावेच लागते. शेवट बरोबर येतो तो यामुळे की पुढचे प्रत्येक पाऊल मागच्या सगळ्यांचा एकत्र परिणाम पाहून टाकलेले असते. म्हणून नव्याने या कामात येणाऱ्याला मी आधी आकडे पाठ करायला सांगत नाही. त्याने एक अख्खा रन पेनकडे पाहत बसावे: कोऱ्या काचेची सरळ रेषा, पहिला चढ, शिखराजवळ मंदावणे, थबकणे, वळणे, शटरचा आवाज, आणि मग दुसऱ्या थराची रेषा नेमकी त्याच बिंदूपासून निघताना. पहिल्या थराची चूक किती झाली हे त्या बिंदूवर लिहिलेले असते, आणि दुसऱ्या थराची सुरुवात तिथूनच होते.